आधी सांगा, कोणतं बोट?

हाताला मुंग्या येतात म्हणून माझ्याकडे येणारा माणूस बहुधा मानेच्या एमआरआयची मोठी पिशवी घेऊनच येतो. ती मी बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, "कोणतं बोट?" बहुतेक जण वैतागतात. "बोट कसलं म्याडम, अख्खा हातच!" मग मी कागदावर पंजाचं चित्र काढते, पेन देते आणि जिथे बधिर वाटतं तिथे रेघोट्या मारायला लावते. 'अख्खा हात' म्हणणाऱ्याची करंगळी बरेचदा कोरीच राहते. निम्मा उलगडा तिथेच होतो.

सोलापुरात फिजिओथेरपी करायची म्हणजे राबणाऱ्या हातांशी गाठ पडणारच. यंत्रमागाचे कामगार, शिंपी, कडक भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या मावश्या आणि विड्या वळणाऱ्या बायका. तेंदूचं पान कात्रीने मापात कापायचं, तंबाखू पसरून चिमटीत गुंडाळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या होईपर्यंत बोटांना उसंत नाही आणि मनगट वाकलेलं ते वाकलेलंच. अशाच एक अक्का आल्या होत्या. रात्री दोन-तीनला हात बधिर होऊन जाग यायची, उठून हात झटकला की बरं वाटायचं. न बघता दोरा बांधणाऱ्या त्या बोटांतून आता विडी निसटायला लागली होती. कुणीतरी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या होत्या, कुणी 'नस बसवून' दिली होती. मुंग्या म्हटलं की आपल्याकडे या दोन गोष्टी ठरलेल्याच.

रात्रीची जाग आणि हात झटकणं ऐकलं की माझी नजर मनगटावर जाते. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांची पन्हळ असते आणि तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला असतो. त्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध जातात आणि त्यांच्याबरोबर मीडियन नावाचा एक मज्जातंतू. स्नायुबंधांवरचं आवरण सुजलं की जागा अपुरी पडते आणि चेपला जातो तो मज्जातंतू. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एवढाच या मज्जातंतूचा मुलूख. करंगळीचा मज्जातंतू या बोगद्यातून जातच नाही, म्हणून ती वाचते. अंगठ्याच्या बुडाशी तळव्याच्या कातडीला जाणारी फांदीही बोगद्याच्या आधीच फुटते. तिथे कापसाचा बोळा फिरवला तर स्पर्श नीट कळायला हवा. तिथेही बधिर असेल, तर दुखणं मनगटाच्या वर कुठेतरी शोधावं लागतं.

अक्कांचे दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवले. उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा डाव्यापेक्षा बसलेला दिसत होता. अंगठा छताकडे उचलायला सांगून मी वरून दाबला. उजवा लगेच खाली आला. मग कोपरं टेबलावर टेकवून मनगटं खाली सैल सोडायला लावली. ही अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या जॉर्ज फॅलेन यांच्या नावाची चाचणी. मिनिटभर थांबायचं असतं. अक्कांना त्याआधीच झिणझिण्या सुरू झाल्या. मनगटावर टिचकी मारून बोटांत करंट उतरतो का, हेही पाहिलं. ती खूण पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना तपासताना फ्रान्सच्या ज्यूल टिनेल यांनी १९१५ मध्ये नोंदवली. यातली एकही चाचणी एकटी विश्वासाची नाही; पण हकिगत, बोटं आणि चाचण्या एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की नर्व्ह कंडक्शनची तपासणी करायला अर्थ येतो. साखर आणि थायरॉईडही बघावं लागतं, कारण हा बोगदा त्यांच्यामुळेही अडतो. गरोदरपणातही अडतो, बाळंतपणानंतर बहुधा सुटतो.

दुखणं हलकं असेल, तर रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्ट्याने पुष्कळांना आराम पडतो. अक्कांचा स्नायू झिजला होता, म्हणून त्यांना मी सर्जनकडे धाडलं. "मजुरी हजारावर मिळते, हात बांधून ठेवला तर हजार कोण वळणार?" हा त्यांचा सवाल रास्त होता. पण उंचवटा पार बसल्यावर बोगद्यावरचा पट्टा कापून मज्जातंतू मोकळा केला, तरी गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

करंगळी बधिर असेल तर मी कोपर तपासते. कोपर आपटल्यावर जिथे झणका बसतो, तिथूनच अल्नर मज्जातंतू जातो. तासन् तास फोन कानाला लावणारे आणि हात दुमडून झोपणारे त्याच्यावर ताण आणतात. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला सांगून मी तो ओढते. अंगठ्याचं टोक वाकवून कागद धरावा लागला, तर स्नायू दुबळा झाला आहे. ही खूणही १९१५ चीच, फ्रोमाँ यांची. मान मागे व बाजूला झुकवल्यावर कळ हातात उतरली, तर मात्र ती एमआरआयची पिशवी उघडायची.

रक्तवाहिन्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त घाईची. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून हाताची मोठी शीर जाते; धमनी आणि मज्जातंतू तिच्या जरा मागून, मानेच्या स्नायूंमधून उतरतात. छत रंगवणाऱ्याचा हात वर धरला की जड पडत असेल, तर मी दोन्ही हात खांद्याच्या उंचीला, कोपरात काटकोनात धरून तीन मिनिटं मुठी उघडझाप करायला लावते. मान वळवून नाडी दबते का, हे पाहण्याची जुनी रीत आहे. पण ती धडधाकट माणसांचीही दबते, त्यामुळे तिच्यावर मी विसंबत नाही. दोन्ही हातांचं ब्लड प्रेशर, बोटांचा रंग आणि ऊब यांतून जास्त कळतं.

व्यायाम करणाऱ्या तरुणाचा एक हात अचानक सुजला, निळसर पडला, खांद्यावरच्या शिरा फुगल्या, तर शिरेत गुठळी असू शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. हात गार, पांढराफटक पडून नाडी लागेनाशी झाली, तर धमनी अडली आहे असंच समजा. असा हात चोळू नका, शेकू नका, नस बसवायला कुणाकडे नेऊ नका. तडक मोठं रुग्णालय गाठा. हाताच्या जडपणाबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल, किंवा तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळत असेल, तर बोटं मोजत बसू नका; १०८ ला फोन लावा.