पाळणा लांबवण्याची गोळी आणि घरचा काढा



पाळणा लांबवण्यासाठी गोळ्या घेणाऱ्या आपल्या बाळापूर भागातील भगिनींच्या तोंडी एक प्रश्न नेहमी असतो. "गोळी चालू आहे. वरून शतावरी, अश्वगंधा नाहीतर काढा घेतला, तर चालते काय? गोळीचा गुण जाते काय?" प्रश्न रास्त आहे. घराघरांत काढा आहे आणि आता गोळीही आहे. दोन्ही एकाच पोटात जातात, तेव्हा त्यांचे एकमेकांशी पटते की नाही हे माहीत असायलाच हवे. नाहीतर ऐन तोडीच्या दिवसांत नको असताना दिवस जातात, आणि त्याचा सारा भार त्या बाईच्या अंगावर पडतो.

या विषयावर उघड बोलण्याची लाज बाळगू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. आता तरी आपण मोकळेपणाने बोलावे.

गोळी काम कशी करते?

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एन या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत दोन संप्रेरके म्हणजे हार्मोन असतात आणि उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या असतात. संप्रेरकांमुळे स्त्रीचे बीज सुटत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो. एका गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल अवघे ०.०३ मिलिग्रॅम असते. मात्रा इतकी बारीक आहे, म्हणूनच ती रोज, ठरल्या वेळी जावी लागते.

पोटात गेलेले औषध आपले यकृत (लिव्हर) हळूहळू मोडून बाहेर टाकते. कारखान्याचे उदाहरण घ्या. गव्हाणीत ऊस ठराविक वेगाने पडत असतो आणि मिलही ठराविक वेगानेच ओढत असते, तोवर गव्हाण भरलेली राहते. उद्या मिलचा वेग दुप्पट केला आणि गाड्या मात्र तेवढ्याच आल्या, तर गव्हाण रिकामी पडणार. काही वनस्पती आणि काही औषधे यकृताची मिल अशीच जोरात चालवतात. गोळी वेळेवर घेऊनही तिचा अंश रक्तात पुरत नाही, आणि गर्भ राहण्याची भीती उत्पन्न होते.

वनस्पतींपैकी कोणती?

यात पक्के ठरलेले नाव एकच, ते म्हणजे सेंट जॉन्स वॉर्ट. शास्त्रीय नाव हायपेरिकम परफोरेटम. ही पिवळ्या फुलांची वनस्पती युरोपातील. आपल्या देशात ती हिमालयाच्या पश्चिम भागात उगवते. मन उदास राहते, झोप येत नाही यावर तिच्या गोळ्या विकल्या जातात. तिच्यातील हायपरफोरिन हे द्रव्य यकृताची मिल वाढवते. इतर औषधांचा अंश ती रक्तातून कमी करते, हे २००० साली ठळकपणे पुढे आले आणि अमेरिकेच्या सरकारने त्याच वर्षी इशारा दिला. पाळणा लांबवण्याच्या गोळीवरही तिचा तसाच परिणाम होतो. पाळी नसताना मध्येच डाग दिसू लागतो. आपल्या वावरात ही वनस्पती नाही, पण ऑनलाइन मागवलेल्या डब्यात असू शकते, आणि हायपेरिकम या नावाने तिचा मूळ अर्कही विकला जातो. तेव्हा चिठ्ठीवरचे नाव वाचून घ्यावे.

आता आपल्या घरच्या जिनसांकडे वळू. हळद, आले, मिरी, ओवा, तुळस या वस्तू भाजीत किंवा चहात घातल्याने गोळी बाद होते असे दिसून आलेले नाही. शतावरी आणि अश्वगंधा यांच्याविषयीही गोळीचा गुण जातो असा पुरावा नाही. तेव्हा उगाच घाबरून गोळी सोडू नये. मात्र पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

जेष्ठमध फार दिवस, जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो. गोळीनेही काही जणींचा रक्तदाब वाढतो. दोन्ही चालू असतील तर रक्तदाब मोजून घ्यावा.

सोनामुखी, एरंडेल यांसारखे रेचक घेऊन जोराचे जुलाब लागले, तर गोळी अंगी लागण्याआधीच निघून जाऊ शकते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यावी. जुलाब दोन दिवसांवर गेले तर गोळ्या चालूच ठेवून, जुलाब थांबल्यावर पुढे सलग ७ गोळ्या होईपर्यंत निरोध वापरावा. इसबगोल घेत असाल तर गोळीत आणि त्यात दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.

शतावरी बहुधा बाळंतिणीला दूध यावे म्हणून देतात. तिथे प्रश्न शतावरीचा नसून गोळीचा आहे. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने माला-एन घेऊ नये. तिच्यासाठी छाया ही गोळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेल्या औषधाची ही गोळी असून तिच्यात संप्रेरके नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा अशी ती घ्यायची असते.

खरा धोका कुठे?

आपण काढ्याची भीती धरतो, पण याहून मोठी बाब नजरेआड राहते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृताची मिल सर्वांत जोरात चालवते. फिट येण्यावरील फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि फिनोबार्बिटोन ही औषधेही तेच करतात. क्षयाचा उपचार सहा महिने चालतो, आणि रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही त्याचा परिणाम सुमारे चार आठवडे राहतो. एवढा सगळा काळ माला-एनवर विसंबून राहू नये. अशा भगिनीने तांबी बसवावी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन घ्यावे. या दोन्हींचा गुण त्या औषधांनी कमी होत नाही. पण म्हणून क्षयाची वा फिटची औषधे कदापि बंद करू नयेत. सर्दी-खोकल्याला डॉक्टर देतात त्या नेहमीच्या अँटिबायोटिकने गोळी बाद होते हा समज मात्र खरा नाही.

दुसरा धोका बिननावाच्या पुडीचा. आठवडी बाजारात "एकदा घ्या, वर्षभर काळजी नाही" असे सांगून पुडी विकणारा उद्या सापडत नाही. आत काय आहे हे त्याला तरी ठाऊक असते की नाही, कोण जाणे. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. दिवस राहू नयेत किंवा गर्भ पडावा यासाठी वाटेल त्याने औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई केलेली आहे. पपई, गाजराचे बी, जास्वंदीची फुले यांवर भरवसा ठेवून गोळी सोडणे म्हणजे विहिरीला पाणी असताना मोटार बंद करून ढगाकडे पाहत बसणे होय.

करायचे काय?

नर्सबाई किंवा आशाताई यांच्याकडून गोळ्यांचे पाकीट घेताना पोटात जे जे जाते ते सगळे सांगावे. काढा, चूर्ण, आसव, मोबाईलवरून मागवलेला डबा, दुसऱ्या डॉक्टरची गोळी, काही लपवू नये. शक्य तर डबा किंवा वेष्टन सोबत न्यावे. "ते तर साधं झाडपाल्याचं आहे, ते काय सांगायचं?" असे म्हणू नये. सेंट जॉन्स वॉर्टही झाडपालाच आहे. मध्येच डाग दिसू लागला तर गोळी न सोडता दवाखाना गाठावा. एखादी गोळी विसरली तर आठवताच घ्यावी.

पुरुष सभासदांनाही एक विनंती आहे. बाजारातून चूर्ण आणि डबे बहुतेक आपणच आणतो. आणताना नाव वाचावे आणि घरी सांगावे. तोडीसाठी आलेल्या टोळ्यांतील बायाही गोळ्या घेतात. त्यांचे गाव, त्यांची नर्सबाई दूर राहिलेली असते. पाकीट कुठे मिळते हे त्यांना दाखवून देणे आणि ही माहिती त्यांच्या कानी घालणे आपल्या हाती आहे. मूल केव्हा हवे हे ठरवण्याचा हक्क घरच्या बाईला जसा आहे, तसाच तो त्यांनाही आहे.