वाळूजच्या बिअर कारखान्यातील चोथा व दुभती जनावरे

लासूर स्टेशनवरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा आगगाडीचा प्रवास थोडक्याच वेळाचा, परंतु मोठा रमणीय आहे. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास झालेला हा लोहमार्ग पोटूळ ओलांडतो आणि शिवारापलीकडे देवगिरीचा डोंगर दिसू लागतो. दौलताबाद येईतो त्याचा तासलेला कडा खिडकीभर होतो. कार्तिकात वेचणीस आलेली कपाशी व वीतभर वाढलेली शाळू पाहत शहर केव्हा आले ते कळत नाही. तेथून वाळूजला मोटारीने जावे लागते, कारण त्या बाजूस रेल्वे नाही.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचे अनेक कारखाने आहेत. गोपालकांनी आगाऊ परवानगी काढून त्यांपैकी एखादा पाहून यावा, असे सुचविण्यात मद्याची भलामण करण्याचा हेतू नाही. पाहावयाचे आहे ते मागील फाटकातून बाहेर पडणारे.

बिअरचे मुख्य धान्य सातू. तो भिजवून, मोड आणून वाळवितात. आपल्या घरी नाचणीचे सत्त्व करण्याची सुरुवातही याच रीतीने होते. मोड आलेल्या दाण्याचा भरडा कोमट ते गरम पाण्यात ठेवला म्हणजे पिठूळ अंशाची साखर होते. गोड पाणी गाळून पुढे जाते व टरफले आणि प्रथिने मागे उरतात. तोच हा चोथा. किण्वाची क्रिया यानंतर होत असल्याने चोथ्यात मद्यार्क नसतो. गाईला झिंग येईल ही भीती व्यर्थ होय. साधारणतः १०० लिटर बिअरमागे २० किलो ओला चोथा निघतो.

शुष्क भागात प्रथिने २० ते ३० टक्के भरतात, म्हणून पेंडीचा काही भाग याने वाचविता येतो. मात्र ओल्या मालात ७५ ते ८० टक्के पाणीच असते. १०० किलो चोथा टेम्पोत भरणारा शेतकरी पाऊणशे किलोंहून अधिक पाण्याचे भाडे देत असतो! भाव ठरविताना पेंडीशी तुलना करावयाची ती शुष्क भागावरून, आणि लांबचे गाव असल्यास भाड्याचा हिशेब आधी करावा.

खरा धोका निराळाच आहे. उन्हाळ्यात हा माल दोन-तीन दिवसांत आंबतो व त्यास बुरशी धरते. काही बुरशींचे विष जनावराच्या पोटातून दुधात उतरते आणि ते दूध लेकरांच्या वाटीत जाते. उकळल्याने ते विष नाहीसे होत नाही. बुरशीचा थर वरवर काढून उरलेला घालण्याची काटकसर कोणीही करू नये; तो सगळा उकिरड्यावर टाकावा. ठेवावयाचाच असल्यास वाळलेल्या कडब्याच्या कुट्टीत मिसळून, दाबून, हवा न लागेल अशा रीतीने मुरघासाप्रमाणे बंद करावा.

सुरुवात एक-दोन किलोंनी करून आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावे. मोठ्या दुभत्या गाईस रोज दहा किलोंपलीकडे जाण्यापूर्वी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. लहान वासरांस देऊ नये. यात स्फुरद अधिक व चुना कमी असल्याने खनिज मिश्रण चालू ठेवावे. वैरण तोडू नये. चोथा हा वैरणीचा नव्हे, तर खुराकाचा भाग आहे.

या कारखान्यांस पाणी येते ते पैठणच्या जायकवाडीतून. एक लिटर बिअरला तीन लिटर वा त्याहून अधिक पाणी खर्ची पडते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात प्रथम ५० व मे महिन्यापासून ६० टक्के कपातीचा आदेश दिला. पाणी आटले की बिअर कमी होते, आणि बिअर कमी झाली की चोथाही आटतो. नेमक्या त्याच वेळी गोठ्यात वैरण नसते. चोथ्याच्या भरवशावर गाई वाढविणाऱ्यांस ग्रामसेवकांनी हे आधीच सांगून ठेवावे व मुरघासाचा एक खड्डा पावसाळ्यातच भरवून घ्यावा.