बाळंतिणीचा लाडू आणि डोकेदुखी

माताभगिनींनो, घरात बाळंतीण असली की खारीक, खोबरे, बदाम घालून डिंकाचे लाडू वळले जातात. यावल-रावेरचा आपला पट्टा केळीचा. त्यामुळे मनुका, जर्दाळूंच्या जोडीला सुकवलेली केळीही कुठे कुठे असतात. पण हे खाल्ल्यावर एखादीचे डोके ठणकते, चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, पोट बिघडते. मग कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते नखरे करते. दोन्ही खोटे!

हिस्टामिन नावाचे द्रव्य आपल्या शरीरात असते, काही अन्नातूनही येते. आतड्यातले डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचा निचरा करते. ते कमी पडले की असा त्रास होऊ शकतो. गरोदरपणी वार हे विकर भरपूर बनवते. म्हणून काहींचा जुना त्रास त्या दिवसांत थांबतो आणि बाळंतपणानंतर परततो. नेमका तेव्हाच लाडवांचा डबा उघडतो.

मात्र सगळा दोष हिस्टामिनचा नसतो. पिवळा बेदाणा, केशरी जर्दाळू यांचा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तिच्यामुळे दमेकऱ्यांना धाप लागू शकते. पाकिटावर सल्फर डायऑक्साइड किंवा 220 हा आकडा पाहावा. काळ्या मनुका बहुधा बिनगंधकाच्या असतात. बदाम-काजूची ॲलर्जी आणखी वेगळी. ओठ सुजले, श्वास अडकला तर तातडीने दवाखाना गाठावा. बाळंतपणानंतर डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते रक्तदाबाचेही लक्षण असते. लाडवावर खापर फोडत बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

हिस्टामिनच्या त्रासाची खात्रीची एकच तपासणी अजून नाही. म्हणून काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, ते वहीत लिहावे. भरताचे वांगे, टोमॅटो, पालक यांचीही नोंद ठेवावी. त्यांतही हिस्टामिन असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने संशयाचे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद ठेवावेत, मग एकेक करून थोडा थोडा खाऊन पाहावा. ओलसर, बुरशी आलेला मेवा फेकून द्यावा. पण आपल्या मनाने सारेच बंद करू नये. अंगावर पाजणाऱ्या आईला सकस अन्न हवेच.

सून म्हणाली, "मला हे सोसत नाही," तर आधी तिचे ऐका. लाडू पुढे करण्याआधी तिच्या हाती वही-पेन्सिल द्या.