माणसे वाचावी कशी?

आमच्याकडे नवोदितांच्या कथा येतात. त्यांत बाप हटकून दारुडा आणि तापट, आई सोशिक, सावकार पोट सुटलेला. अशी माणसे जगात नाहीत असे नव्हे. पण ती लिहिणाऱ्याने पाहिलेली नसतात, सिनेमातून उचललेली असतात. आपल्या वस्तीत, नळावर, रेशनच्या रांगेत, सकाळच्या लोकलमध्ये एवढी माणसे असताना ही उसनवारी कशाला, असे आम्हांस वाटते.

साचेखात्यात उमर घालवलेल्या गिरणी कामगाराचेच पाहा. तो घरातही ओरडून बोलतो. शेजाऱ्याला वाटते, म्हातारा सदा भांडतो. खरी गोष्ट वेगळी असते. शेकडो साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहून त्याचे कान गेलेले असतात. तिथे बोलणे चाले ते हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालींवर. म्हणून तो समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता तोंडाकडे पाहतो. आता हा बाप कथेत आणा. नात हळूच काही सांगते, त्याला ऐकू जात नाही, तो ‘काय?’ म्हणून खेकसतो आणि पोर रडते. इथे तापट बाप कुठे राहिला? १९८२ च्या संपानंतर ज्यांचे काम कायमचे गेले त्यांच्यापैकी एखादा तो असेल, तर साचे बंद पडले तरी आवाज चढलेलाच राहिला, एवढ्यावर कथा उभी राहील.

म्हणजे नुसते पाहून भागत नाही. हा माणूस असे का करतो, हे विचारावे लागते. म्हातारी पदराची गाठ सोडून पैसे तीनदा मोजते, ती कंजूष म्हणून, की तिला कुणी एकदा फसवले म्हणून? नाक्यावर कामाची वाट पाहणारी बाई डबा पिशवीत अगदी तळाशी का ठेवते? उत्तर मिळाले नाही तरी प्रश्न वहीत लिहून ठेवावा. वही दोन रुपयांची असो की वीसची, चालते.

अण्णाभाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची म्हणतात. वाटेगावाहून ते बापाबरोबर पायी मुंबईस आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहून गेले. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा जरूर वाचा. त्यातला भीमा खाणीत दगड फोडणारा धिप्पाड गडी. खाण बंद पडते. तो राखेत आणि प्रेतांत सोने शोधू लागतो. ज्या हातांनी पहाड फोडला, त्याच हाताची बोटे अखेर एका प्रेताच्या जबड्यात अडकून जातात, आणि मग कळते की खाण पुन्हा सुरू होणार आहे. अण्णाभाऊ त्याला चोर म्हणत नाहीत, बिचाराही म्हणत नाहीत. लेकीवर जीव टाकणारा बाप म्हणून तो आपल्याला आधी भेटतो. कष्टकरी माणूस जवळून पाहिलेल्यालाच हे सुचते. बाबुराव बागुलांनीही सुरतेला रेल्वेत नोकरी केली होती. १९६३ साली आलेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहात खोली मिळावी म्हणून जात लपवणाऱ्या रेल्वे कामगाराची धास्ती आहे. ती टेबलाशी बसून सुचलेली वाटत नाही.

एक ताकीद मात्र देतो. चाळीत भिंती पातळ असतात. शेजारच्या वहिनींचे भांडण जसेच्या तसे कथेत उतरवले, तर अंक गल्लीत पोहोचायच्या आत ओळख पटते, आणि त्या घरातल्या मुलीचे जमलेले लग्न मोडूही शकते. म्हणून चालणे एकाचे घ्या, बोलणे दुसरीचे, दुःख तिसऱ्याचे. गाव बदला, धंदा बदला. कुणाच्या दाराला कान लावू नका. उघड्यावर दिसते तेच पुष्कळ असते.

येत्या रविवारी बाजारात जाल तेव्हा भाजीवालीचे हात पाहा. सुटे पैसे ती कुठे ठेवते, कोणत्या गिऱ्हाइकाला मूठभर कोथिंबीर जास्त देते आणि कोणाला नाही. दहा ओळी लिहा. कथा नंतर पाहू.