अंधारात डोळे जातात कुठे?

डोलवी-पेणकडच्या एखाद्या शाळेची सहल सुधागड तालुक्यातल्या ठाणाळे लेण्यांत गेली, की मुलांचे लक्ष कोरीवकामाआधी वटवाघळांकडे जाते. (वास तर त्याही आधी आलेला असतो.) मग कुणीतरी विचारते, "सर, कायम अंधारात राहणाऱ्या प्राण्यांचे डोळे जातात ना?" आपण सांगून टाकतो, "हो, वापरले नाहीत म्हणून गेले."

हे उत्तर सोपे आहे, पण बरोबर नाही. तालमीत दंड कमावलेल्या पैलवानाचे बाळ कमावलेले दंड घेऊन जन्मत नाही. महिनाभर प्लास्टरमध्ये राहून बारीक झालेला हातही पुढच्या पिढीत उतरत नाही. मग न वापरलेले डोळे तरी कसे उतरावेत? अर्थात, ही चूक करणारे आपण एकटे नाही. गुहेतल्या प्राण्यांचे डोळे न वापरल्यामुळेच गेले, असे खुद्द डार्विननेही १८५९ साली लिहिले होते. जनुकांची माहिती तेव्हा कुणालाच नव्हती.

आंधळे प्राणी पाहायला ठाणाळे उपयोगाचे नाही. काळ्या पाषाणात माणसाने कोरलेली ही लेणी जेमतेम दोन हजार वर्षांची, उथळ, आणि दारातून उजेड येणारी. खरा काळोख हवा तर चुनखडीच्या प्रदेशात जावे लागते. तिथे पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन झिरपते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडक विरघळवत आत लांबच लांब पोकळ्या तयार करते. छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळची कोटमसरची गुहा अशीच आहे.

या गुहेतल्या पाण्यात एक लहानसा, फिकट मासा राहतो. त्याचा अगदी जवळचा नातेवाईक आपल्या ओढ्यांत दगडांखाली सापडतो. फ्रान्सिस डे याने १८७२ साली त्याचे वर्णन केले ते पुण्याच्या नमुन्यांवरून! ओढ्यातला मासा ठिपक्या-पट्ट्यांचा आणि डोळस. गुहेतल्या माशांत मात्र सगळ्या पायऱ्या दिसतात: काहींचे डोळे बरेचसे शाबूत, काहींचे बारीक, तर काहींना जवळजवळ नाहीतच.

हे कसे घडते? डोळा घडवायला अनेक जनुके लागतात आणि त्यांपैकी एखाद्यात अधूनमधून बिघाड होतच असतो. उघड्या ओढ्यात असा अधू मासा खंड्याच्या तोंडी जातो. त्याचा बिघाड त्याच्याबरोबर संपतो. गुहेत अधू आणि डोळस दोघेही सारखेच चाचपडतात. तिथे बिघाड गाळला जात नाही, पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो. शिवाय डोळा आणि त्यासाठी राबणारा मेंदूचा भाग यांना ऊर्जा फार लागते. गुहेत हिरवी वनस्पती नाही. पुराबरोबर वाहून येईल किंवा वटवाघळांच्या विष्ठेतून मिळेल त्यावर गुजराण करायची. अशा टंचाईत डोळ्यांचा खर्च वाचवणारा मासा थोडा सरसच ठरतो.

याचा सुंदर पुरावा मेक्सिकोतल्या आंधळ्या गुहामाशांत मिळाला. त्यांच्या अंड्यातल्या गर्भात डोळा घडायला सुरुवात होते आणि मग तो खुरटत जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन दूरच्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला, तेव्हा त्यांच्या काही पिल्लांना चक्क दिसू लागले! एका गुहेत काही जनुके बिघडली होती, दुसरीत वेगळी. पिल्लाला प्रत्येक जनुकाची निदान एक धड प्रत मिळाली. डोळे नुसते 'न वापरून' गेले असते, तर आंधळ्या आईबापांच्या पोटी डोळस पिल्लू कुठून येणार?

आणि ठाणाळ्याच्या वटवाघळांचे काय, असे मुले विचारतीलच. वटवाघळे आंधळी नसतात. ती लेण्यात फक्त दिवस काढतात. दिवेलागणीला तोंडाशी थांबलात, तर ती खाण्याच्या शोधात बाहेर पडताना दिसतील. बाहेर चांदण्यात डोळा अधू असला तर नडतो.