‘ऐकू येतं, पण कळत नाही’

कानाची ओळख : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण सुरांची चाचणी पाहिली. हेडफोन लावायचा, बारीक सूर ऐकू आला की बोट वर करायचे. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, हाती येतो. पण केज, धारूर, परळीकडून अंबाजोगाईला कान दाखवायला येणारे आजोबा सूर ऐकू येत नाही म्हणून येत नाहीत. त्यांची तक्रार असते : ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’

ही तक्रार खरी आहे. स्वर जोरकस असतात. स, त, थ ही व्यंजने क्षीण आणि वरच्या पट्टीतली. वयाबरोबर आधी वरची पट्टी जाते. मग आवाज पोचतो, पण ‘साप’, ‘ताप’ आणि ‘थाप’ एकच होऊन बसतात. म्हणून शब्दांची चाचणी हवी.

तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात ओळखीचे शब्द हळूहळू बारीक आवाजात ऐकवतात. निम्मे शब्द बरोबर परत म्हणता येतील, ती पातळी नोंदवतात. सुरांच्या चाचणीत ५००, १००० आणि २००० हर्ट्झला मिळालेल्या पातळ्यांच्या सरासरीशी ती साधारण १० डेसिबलच्या आत जुळावी. न जुळल्यास तपासणी पुन्हा करायची. दुसऱ्या भागात सोयीच्या आवाजात २५ शब्द, प्रत्येकाला ४ गुण. सूर बऱ्यापैकी ऐकू येऊनही गुण फारच कमी पडले, तर श्रवणचेतेकडे, म्हणजे ऐकण्याच्या नसेकडे, लक्ष द्यावे लागते.

यादी करणे हेच अवघड काम. अमेरिकेत १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत ‘बेसबॉल’सारखे, दोन्ही भागांवर सारखाच जोर असलेले शब्द आहेत. मराठीत जोराची ती रीतच नाही, त्यामुळे भाषांतर कामाचे नाही. मराठीचा ळ, ण आणि ‘चमचा’तले दोन वेगळे च यादीत आलेच पाहिजेत. शब्द निवडायचे, एकाच आवाजात ध्वनिमुद्रित करायचे, निर्दोष कानांच्या माणसांवर वेगवेगळ्या पातळ्यांना तपासायचे, फार सोपे आणि फार कठीण शब्द गाळायचे. मग सारख्या कठीणपणाच्या अनेक याद्या बांधायच्या, कारण एकच यादी रुग्णाला पाठ होते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ची, मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ची; भारतीय भाषांतल्या चाचण्यांचे काम अशा संस्थांतून पुढे गेले.

पण मुंबईत सोपा वाटणारा शब्द आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला परका असू शकतो. तेव्हा चाचणी कानाची न राहता शब्दसंग्रहाची होते. आपल्या भागात अनेक जण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. ऐकले ‘पाणी’ आणि म्हटले ‘पानी’, तर तो उच्चार झाला, चूक नव्हे. तपासणाऱ्याला ही बोली ठाऊक नसेल, तर चांगल्या कानाचे गुण कापले जातील. घरी दखनी किंवा बंजारा बोलणाऱ्यांना तर त्यांच्याच भाषेतले शब्द हवेत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी चित्रावर बोट ठेवण्याची सोय असावी.

शांत खोलीत शब्द कळले, तरी आठवडी बाजारात कळतीलच असे नाही. गोंगाटातल्या चाचणीविषयी पुढच्या आठवड्यात.

तोवर एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांना कान तपासायला न्याल, तेव्हा त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगा, घरी कोणती भाषा बोलतात तेही सांगा आणि सुरांबरोबर शब्दांचीही चाचणी होईल का, असे जरूर विचारा.