तपाचे दिवस आणि नसांच्या दुखण्याचे औषध

चातुर्मासाची चाहूल लागली की घराघरांत तपाचे भाव जागे होतात. कोणी अठ्ठाईचा संकल्प करतो, कोणी एकासणे धरतो, कोणाचे वर्षीतप आधीपासूनच सुरू असते. त्याच घरातील ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात बहुधा प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन यांपैकी एक औषध असते. मधुमेह जुना झाल्यावर तळपायांची होणारी आग, नागीण बरी होऊनही त्या जागी महिनोन्‌महिने राहणारी जळजळ, मणक्यात दबलेल्या नसेच्या कळा अशा दुखण्यांवर ही औषधे दिली जातात. व्यापारी घरांत मधुमेह विरळा नाही, त्यामुळे ही नावे आता सुनांनाही पाठ झाली आहेत. ती घ्यावी कशी आणि तपाच्या दिवसांत त्यांचे काय करावे, याची माहिती मात्र तितकी पोहोचलेली नाही.

ही नेहमीची वेदनाशामके नव्हेत. गॅबापेन्टिनला अमेरिकेत 1993 मध्ये प्रथम मान्यता मिळाली ती अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या उपचारासाठी. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी ती 2002 मध्ये मिळाली. प्रीगॅबालिन 2004 मध्ये आले. दुखावलेल्या नसा मेंदूकडे वेदनेचे संदेश अकारण पाठवत राहतात. ही औषधे तो गोंगाट कमी करतात. म्हणून डोके दुखले की एक गोळी, अशा रीतीने ती घेऊन उपयोग नसतो. रोज ठरल्या वेळी, थोड्या मात्रेपासून वाढवत घेतली तर पुरता गुण कळण्यास काही आठवडेही लागू शकतात.

गोंगाट थांबला म्हणजे नस बरी झाली असे नाही. शाकाहारी घरांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही हातापायांना मुंग्या येतात. शुद्ध शाकाहारात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिनने त्याची पातळी आणखी खालावू शकते. ही रक्ततपासणी न करता वेदनेचे औषध वर्षभर चालू ठेवणे म्हणजे खरे कारण झाकून ठेवणे होय.

आता तपाविषयी. सर्वांत मोठी चूक होते ती उपवासाच्या पहिल्या दिवशी औषध एकदम बंद करण्यात. शरीराला या औषधाची सवय झालेली असते. ते अचानक थांबले की झोप उडते, घाम येतो, मळमळते, जीव घाबरा होतो आणि वेदना उसळून येतात. क्वचित फिटही येऊ शकते; ज्यांना हे औषध फिट्ससाठीच दिले आहे, त्यांच्या बाबतीत हा धोका फार मोठा. तपस्व्याची ही अवस्था पाहून घरातील माणसे ती उपवासाची अशक्तता समजतात, आणि मूळ कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. औषध थांबवायचेच असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान आठवडाभर, अनेकदा त्याहूनही सावकाश उतरवावे लागते. म्हणजे ही गोष्ट पर्युषणाच्या आदल्या दिवशी काढून भागत नाही. ती महिनाभर आधी काढावी लागते.

वर्षीतपात प्रश्न अधिक बिकट होतो. एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासणा अशा क्रमात औषध एक दिवसाआड घेतले, तर शरीरातील त्याची मात्रा सतत वरखाली होत राहते. उपवासाच्या दिवशी राहिलेली गोळी पारण्याच्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढण्याचा प्रकारही घडतो. तो सर्वथा टाळावा.

याच्या उलट धोका निर्जळ, चौविहार उपवासाचा आहे. ही दोन्ही औषधे यकृतात मोडली न जाता जवळजवळ जशीच्या तशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर मात्रा कमी करावीच लागते. त्यात दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि औषध मात्र पहाटे घेतलेले, असे झाले तर ते अंगात साठत जाते. तपस्वी पेंगतो, बोलणे जड होते, तोल जातो, हातापायांना झटके येतात. मधुमेही माणसात हीच लक्षणे साखर उतरल्याचीही असू शकतात. तर्क करत न बसता लगेच ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती 70 च्या खाली असेल तर पच्चक्खाणाचा विचार करण्याची ती वेळ नव्हे.

रोजचा चौविहार पाळणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. प्रीगॅबालिन बहुधा दिवसातून दोनदा असते, त्यामुळे नवकारशीनंतर एक व सूर्यास्तापूर्वी एक अशी सोय बहुतेकांना लावता येते. गॅबापेन्टिन दिवसातून तीनदा असते आणि तिसरी मात्रा रात्री झोपताना लिहिलेली असते. ती कोणाला न विचारता गाळून टाकण्यापेक्षा, सूर्यास्तानंतर काहीच घेत नसल्याचे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. वेळ किंवा औषध बदलता येते. संथ विरघळणारी, नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली प्रीगॅबालिनची गोळी संध्याकाळच्या जेवणानंतर घ्यायची असते. चौविहाराला ती सोयीची. मात्र रिकाम्या पोटी ती कमी शोषली जाते, म्हणून उपवासाच्या दिवशी तिचा हिशेब चुकतो. अशी गोळी चावू किंवा कुटू नये.

संध्याकाळच्या मात्रेबाबत दुकानदारांनी एक सावधगिरी बाळगावी. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. साडेपाचला जेवून गोळी घेतलेला माणूस नऊपर्यंत दुकानात बसतो, गल्ला मोजतो आणि मग स्कूटर काढून घरी निघतो. गुंगीचा भर नेमका याच तासांत असतो. औषध नवे असताना किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवस वाहन मुलाच्या किंवा गुमास्त्याच्या हाती द्यावे. घरातील वृद्धांनी पहाटे प्रतिक्रमणासाठी उठताना आधी पलंगाच्या कडेला थोडे बसावे, मगच पाय टाकावा.

कॅपसूलचा प्रश्न बहुतेक श्रावक मनात ठेवतात, विचारत नाहीत. कॅपसूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. वनस्पतीजन्य कवचही असते. वेष्टनावर ‘एचपीएमसी’ असा उल्लेख असल्यास ते झाडांच्या सेल्युलोजपासून केलेले समजावे. शिवाय ही दोन्ही औषधे गोळीच्या रूपातही मिळतात. तेव्हा संकोच न करता चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांकडे गोळी मागावी. कवच फोडून आतली पूड घेण्याची पद्धत घराघरांत आहे, पण ती स्वतःच्या मनाने वापरू नये. नसांच्या वेदनेवरच दिल्या जाणाऱ्या ड्युलोक्सेटिनच्या कॅपसूलमधील दाण्यांवर पोटातील आम्लापासून वाचवणारा लेप असतो. ते दाणे चिरडले की औषध वाया जाते.

या औषधांची संगतही पाहावी लागते. झोपेची गोळी, ट्रॅमाडॉलसारखे तीव्र वेदनाशामक, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांपैकी काही सोबत असेल तर गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो. वृद्ध आणि दम्याच्या रुग्णांना हा धोका अधिक. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2019 मध्ये याविषयी स्पष्ट इशारा दिला आहे. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे पातळ औषध घेतले, तर गॅबापेन्टिन त्यानंतर किमान दोन तासांनी घ्यावे, नाहीतर ते नीट शोषले जात नाही. पायांवर सूज, झपाट्याने वाढणारे वजन किंवा मनात येणारे निराशेचे विचार याही गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नयेत.

समाजात औषधांचा व्यापार करणारी घरे पुष्कळ. मेडिकल दुकान घरचेच असल्यावर चिठ्ठीची आठवण राहत नाही आणि काकांना लागू पडलेली गोळी मावशीकडे जाते. काकांची मूत्रपिंडे धडधाकट असतील, मावशींची नसतील.

पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत, त्यांत सर्वसमाधीचा आगार आहे. तीव्र रोगाने समाधी ढळू लागली तर औषध घेता यावे, एवढी काळजी पूर्वाचार्यांनी स्वतःच घेतली आहे. त्याचा अर्थ कोणत्या दुखण्याला कसा लागतो, हे गुरुमहाराजांनाच विचारावे, आणि विचारताना डॉक्टरांनी औषध बंद करू नये असे सांगितले असल्यास तेही लपवू नये. अणाहारी म्हणून चालणारी कडू किराईतासारखी द्रव्ये या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

इतके करूनही अठ्ठाईत औषध सुटलेच, तर पारण्याच्या दिवशी मुगाच्या पाण्याबरोबर पूर्वीची पूर्ण मात्रा घेऊ नये. आठ दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते, अंगात ताकद नसते, आणि पूर्ण मात्रेने तपस्वी पारण्याच्या पाटावरच भोवंडून पडू शकतो. त्या सकाळी आधी डॉक्टरांना फोन करावा; बहुधा ते पुन्हा थोड्या मात्रेपासूनच सुरुवात करण्यास सांगतील.